आंबलेल्या बिअरचा तपास

घरी बिअर करण्याबद्दल कायदा काय म्हणतो, हे मी मुद्दामच वाचलेलं नाही. जे वाचलं नाही त्याची भीती वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. विम्याच्या कागदांचंही मी तसंच करतो. तरी खबरदारी म्हणून इथे कोणाचं नाव येणार नाही. बाबा हे बाबा, बायको ही बायको आणि मित्र हा मित्र. मी स्वतः हिंगण्याच्या एमआयडीसीत एका फरसाणाच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा महिन्याला पगार घ्यायचा.

सगळ्या दुखण्याचं मूळ हे, की माझी पहिली बादली चांगली झाली. ती बिघडली असती तर मी माझ्या वयाच्या इतर माणसांसारखा निमूटपणे सकाळी फिरायला गेलो असतो आणि गुडघ्यांविषयी बोललो असतो. पण वीस लिटर बिअर झाली, आणि झाली ती स्वच्छ, सोनेरी, वर बोटभर फेस असलेली. मित्राने दोन ग्लास रिकामे केले आणि म्हणाला, "नोकरी काहून करून राहिला बे तू?" चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असं काही बोलू नये. तो ते खरं मानतो.

दुसरी बादली आंबली. थोडीथोडकी नाही, कैरीचं पन्हं शरमेल इतकी. तिसऱ्या बादलीवर दहाव्या दिवशी पांढरा सुरकुतलेला पापुद्रा आला, आणि तरीही मी आशेने ती बाटल्यांत भरली. त्यातली एक बाटली स्वयंपाकघरातल्या कपाटात, दिवाळीच्या फराळाच्या डब्यांच्या मधोमध फुटली.

"चिवड्याले बिअर लागली तुमची," बायको म्हणाली. "आता पाहुण्यायले काय सांगू, नवीन मसाला हाय म्हणून?"

कृती तशी अवघड नाही. जवाचं माल्ट गरम पाण्यात तासभर ठेवायचं, गाळायचं, ते गोड पाणी हॉप्सची फुलं घालून तासभर उकळायचं, मग भरभर थंड करून झाकणाच्या बादलीत ओतायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. पुढे दोन आठवडे फक्त वाट पाहायची. माझ्या बादलीला खाली प्लास्टिकची तोटी होती, बाटल्या भरायला सोपं जावं म्हणून. एकच पथ्य असतं. उकळल्यानंतर त्या पाण्याला ज्या ज्या वस्तूचा स्पर्श होईल ती जंतुनाशकात बुडवून काढलेली हवी. नाहीतर यीस्टच्या आधी दुसरेच जंतू पंगतीला बसतात आणि सगळं आंबवून ठेवतात.

आता, जंतू शोधणं हा माझा धंदाच आहे. कारखान्यात एखाद्या पाकिटाला वास आला तर मी तीन दिवसांत मूळ कारण शोधून, चार प्रतींत अहवाल करून, एखाद्या बिचाऱ्या सुपरवायझरला घाम फोडतो. तेव्हा घरच्या बादलीतला जंतू माझ्या हातून सुटणं शक्यच नव्हतं. मी फ्रिजच्या दारावर तक्ता चिकटवला. तपासाचा पहिला नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नळी बदलली, आंबली. यीस्ट बदललं, आंबली. जंतुनाशक बदललं, तरी आंबली, फक्त वास वेगळा आला. मित्राने सल्ला दिला की बादली ईशान्येला ठेव. तो बँकेत आहे, कर्जं मंजूर करतो.

मग मी नमुने घ्यायला सुरुवात केली. उकळलेल्या काचेच्या तीन बरण्या घेतल्या. पहिलीत पातेल्यातलं उकळतं पाणी भरलं, दुसरीत थंड झाल्यावरचं, आणि तिसरीत बादलीत ओतल्यावर, यीस्ट घालायच्या आधी, तोटी उघडून काढलेलं. तिन्ही बरण्या झाकणं घट्ट लावून ठेवल्या. यीस्ट कशातच नव्हतं, त्यामुळे जी बरणी आंबेल तिथे चोर. पहिली बरणी तिसऱ्या दिवसापर्यंत नितळ राहिली. दुसरीही. तिसरी मात्र दुसऱ्याच दिवशी गढूळ झाली आणि तिसऱ्या दिवशी झाकण उघडताच फुसकन वास आला. म्हणजे घोटाळा थंड झाल्यानंतर आणि बादलीत जाताना होत होता. मला अतिशय आनंद झाला. कारखान्यात असला पुरावा हाती लागला की मी त्या दिवशी दोन चहा घेतो.

रविवारी सकाळी सुरू केलेलं काम बादलीपर्यंत यायला संध्याकाळ होते. आणि बरोबर त्या वेळी, दिवे लावायच्या सुमाराला, आमच्या ओट्यावर आणखी एक माणूस काम करत असे. बाबा.

बाबांनी आयुष्यभर हातमाग चालवला आणि माग बंद पडल्यावर इतवारीत एका कापड दुकानात उभं राहून थान मोजले. आई होती तोवर ते स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा गेले नाहीत. आईची तेरवी झाली त्या संध्याकाळी मात्र ते कोणाला न सांगता आत आले, दूध तापवलं, कोमट होईपर्यंत उभे राहिले, करंगळी बुडवून पाहिली आणि आईच्या चिनी मातीच्या छोट्या सटातलं चमचाभर दही त्यात घालून झाकण ठेवलं. आम्ही दोघं दारात उभे राहून बघत होतो. त्यानंतर चार वर्षं रोज तेच. आजारी असले तरी उठायचे. दुसऱ्या कोणाला त्या सटाला हात लावू द्यायचे नाहीत. दिवसभरात त्यांना करायला दुसरं फारसं काही नव्हतंही.

ते विरजण आईचं होतं. म्हणजे उमरेडचं. लग्नानंतर महिनाभरात तिने जाहीर केलं होतं की सासरचं दही चिकट आहे, आणि माहेरी जाऊन परत येताना एसटीतून एका झाकणाच्या डब्यात विरजण मांडीवर घेऊन आली होती. ते तिने चाळीस वर्षं चालवलं. शेजारच्या बायका मागायला येत. पण दिवे लागल्यावर विरजण द्यायचं नाही, हा तिचा नेम. लक्ष्मी जाते म्हणे. नोकरीवाल्या बायका घरी येणार दिवे लागल्यावरच. तिने कितीतरी जणींना दारातून "उद्या ये वं, उजेडात ये" म्हणून परत पाठवलं, आणि त्या पुढे पाकिटाचं दही आणायला लागल्या.

तर माझा निष्कर्ष तयार होता. दह्यातले जंतू आंबट करतात, माझी बिअर आंबट होते, आणि दोघांची गाठ एकाच ओट्यावर, एकाच वेळी पडते. कारखान्यात याहून कमी पुराव्यावर मी माणसं बदलली आहेत. मी बाबांना सांगितलं की रविवारी विरजण दुसरीकडे लावा. बाबा "बरं" म्हणाले आणि दुधाचं पातेलं, सट, चमचा सगळं घेऊन आपल्या खोलीत जायला लागले. पंचाहत्तरीचा माणूस, हातात गरम पातेलं, दार पायाने ढकलून. मी बाजूला सरकून जागा दिली, एवढं सौजन्य माझ्याकडे होतं.

आठवी बादलीही आंबली. दुसरा कोणी असता तर त्याने निष्कर्षावर संशय घेतला असता. मी म्हटलं, जंतू मुरले आहेत. भिंतीत, ओट्यात, फ्रिजमध्ये. वरवरच्या उपायाने भागणार नाही.

त्याच सुमाराला भिवापूरला नात्यातलं लग्न होतं. बाबा आणि बायको दोन दिवसांसाठी गेले. मी रजा घेतली आणि स्वयंपाकघर पाडायचं तेवढं बाकी ठेवलं. ओटा, फरशी, कपाटं, डबे, फ्रिजचे कप्पे, सगळं धुतलं. शेवटी फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यातला सट काढला, सिंकमध्ये उपडा केला, त्यावर उकळतं पाणी ओतलं, मग जंतुनाशक, मग पुन्हा पाणी, आणि खिडकीशी पालथा घातला.

ते आईचं विरजण आहे हे मला माहीत होतं. विसरलो होतो असं लिहिलं तर हे सगळं वाचायला सोपं जाईल, पण तसं नव्हतं. सट हातात घेऊन मी मिनिटभर थांबलो होतो, आणि स्वतःला म्हणालो होतो की जंतूला आई-बाप नसतात, दही कोपऱ्यावरच्या डेअरीत मिळतं. अहवालात शोभेल असं वाक्य होतं ते. मला ते सुचलं याचं कौतुकही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं परतले. बायकोच्या पिशवीत भिवापुरी मिरच्या होत्या, त्या तिने गच्चीवर वाळत टाकल्या. बाबांनी हातपाय धुतले, दूध तापवलं, करंगळी बुडवून पाहिली आणि फ्रिज उघडला. मग बंद केला. मग पुन्हा उघडला.

"सट कुठं हाय गा?"

"धुतला बाबा. त्यातूनच जंतू येत होते. उद्या डेअरीतून दही आणतो, विरजणाला चालतं."

बाबांनी खिडकीशी पालथा घातलेला सट पाहिला. सरळ केला, आत बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. नंतर पुन्हा तसाच पालथा घातला.

"बरं," ते म्हणाले. बायकोकडे वळून म्हणाले, "हे दूध चहाले घे वं." आणि बाहेर ओसरीत जाऊन बसले.

ते ओरडले असते तर मी वाद घातला असता; वादात मी चांगला आहे. बायकोने गॅस बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार वर्षं रोज ते एवढंच एक काम करून राहिले होते. तुम्ही घरात राहून काय पाहून राहिले होते?"

दुसऱ्या दिवसापासून मी दुसरा तपास सुरू केला. उमरेडला मामांना फोन केला. मामा म्हणाले, "आता कोण लावते गा विरजण, पाकीट आणतो आम्ही." मामींनी आठवून आणखी दोन घरं सांगितली, तिथेही पाकीट. आमच्या गल्लीत दारोदार विचारलं. सगळ्यांना आईचं दही आठवत होतं. एकीने तर चवीचं असं वर्णन केलं की तिच्याकडे वाटीभर असेलच असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "तुमच्या आई दिवे लागले की देत नव्हत्या ना. मी सातले घरी येत होती." मी डेअरीतून दही आणलं आणि सटात भरून फ्रिजमध्ये ठेवलं. बाबांनी त्याला हात लावला नाही. संध्याकाळी दिवे लागले की ते ओसरीत बसायचे, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि समोरच्या घराच्या फाटकाकडे बघायचे. पाणी हवं असलं तर हाक मारायचे.

अशात नववी बादली आंबली.

घरात आता कोणी विरजण लावत नव्हतं, डेअरीचं दही सटात झाकून होतं, स्वयंपाकघर ऑपरेशन थिएटरसारखं होतं आणि बिअर आधीपेक्षा जास्त आंबट होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीने, तक्ता करून दिली होती. मी झाकण परत लावलं. मग ओसरीत गेलो आणि बाबांना सांगितलं की दह्याचा दोष नव्हता.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "दह्याचा वास असा नसते."

"मग बोलले का नाही?"

"तू कुठं विचारलं? तू सांगून राहिला होता."

मी तिथेच पायरीवर बसलो. थोड्या वेळाने बाबाच उठले. म्हणाले, "आण ते सारं सामान इकडं." मी आंबलेली बिअर ओतून दिली आणि बादली, नळी, गाळणं, झाकण, सगळं ओसरीत मांडलं. बाबांनी बादलीत डोकं घातलं, हुंगलं, बाजूला ठेवली. नळी हुंगली, ठेवली. झाकण हुंगलं. असा तपास माझ्या कारखान्यात कोणी केला असता तर मी त्याला प्रशिक्षणाला पाठवला असता.

"आम्ही सुताले पेज लावत होतो," बाबा म्हणाले. "भाताची पेज. उन्हाळ्यात आंबली का सुताले वास मारे, साडी परत ये. तुझी माय भांडं घासू घासू थके. चिंच लावे, राख लावे. तरी दुसऱ्या दिवशी पेज आंबे. मंग एक दिवस पाहिलं, भांडं साफ होतं, वास कुंच्यात होता. ज्यानं पेज लावत होतो त्याच्या केसाच्या बुडात."

एवढं बोलून त्यांनी बादली उलटी केली आणि तोटीला नाक लावलं. मान मागे घेतली. मग तोटी माझ्या पुढे धरली.

तोटी मी दर वेळी जंतुनाशकात बुडवत होतो. बाहेरून चकचकीत होती. उघडत मात्र नव्हतो, कारण ती उघडते हेच मला माहीत नव्हतं. पक्कड आणून जोर लावला तेव्हा तिचे दोन भाग झाले, आणि आतल्या खाचेत जुन्या बिअरचा तपकिरी, बुळबुळीत थर होता. पहिल्या बादलीचा, त्या चांगल्या झालेल्या बादलीचा. प्रत्येक नवी बादली त्या थराला टेकून बसली होती. आणि माझा तो थोर तिसरा नमुना, ज्याच्या जोरावर मी ओट्याला, हवेला आणि दह्याला दोषी ठरवलं, तो मी त्याच तोटीतून काढला होता. कारखान्यात मी लोकांना प्रत्येक झडप खोलून दाखवायला लावतो. न खोलता धुतली तर शेरा मारतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणाऱ्यांबद्दल मी आजवर बरंच वाईट लिहिलेलं आहे.

मला लाज वाटली. बाबांना तसं म्हणालो. ते पक्कड पुसत होते. "तोटी काढून टाक," एवढंच म्हणाले.

मी तोटी काढली, नवी बिनतोटीची बादली आणली आणि वरून नळीने काढायला लागलो. दहावी बादली स्वच्छ झाली. पहिलीपेक्षाही चांगली. मित्राने तीन ग्लास घेतले आणि ईशान्य दिशेचं श्रेय स्वतःकडे घेतलं. बायकोने घोटभर पिऊन "बरी हाय" म्हटलं. मी हसलो, आणि माझ्या लक्षात आलं की चार महिने मला जे हवं होतं ते मिळालं आहे आणि मला त्याची चव घ्यावीशी वाटत नाही.

बाटल्या भरून झाल्यावर बादलीच्या तळाशी यीस्टचा साका राहतो, दाट, सायीच्या रंगाचा. चांगली बादली असेल तर तो फेकत नाहीत. मी तो उकळलेल्या बरणीत काढला, झाकण लावलं, वर पट्टी चिकटवून तारीख लिहिली आणि फ्रिजमध्ये ठेवायला वळलो. बाबा दारात उभे होते. सट रिकामा पाहिला त्या संध्याकाळनंतर ते पहिल्यांदाच आत आले होते.

"हे काय होय?"

"यीस्ट आहे. यातलं थोडं पुढच्या बादलीत घालायचं."

"अन् त्यातलं त्याच्या पुढच्याले?"

"हो."

त्यांनी बरणी माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली, तिरपी केली. आतला साका हळूहळू एका बाजूला सरकला आणि त्यातून दोन-चार बारीक बुडबुडे वर आले. बाबा ते बघत राहिले.

"किती दिवस चालते?"

"जपलं तर कितीही वर्षं." बोलून गेलो आणि मग माझा मलाच आवाज ऐकू आला.

बाबांनी झाकण आणखी अर्धा आटा आवळलं. फ्रिज उघडला, दुसऱ्या कप्प्यातला डेअरीचं दही भरलेला सट बाजूला सरकवला आणि बरणी तिथे मागे, गार जागी ठेवली.

"तुझं तरी मरू देऊ नको," ते म्हणाले.